वादळाची खबर कोण देणार?

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराच्या चिखलाखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे त्यात गेली. ही बातमी बाहेर कशी आली, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? गाडल्या गेलेल्या घरांतून कुणाचा फोन येणे शक्य नव्हते. नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला समोर गाव दिसेना. त्याने ते कळवले आणि मग यंत्रणा हलली.

आकाशात उपग्रह होते, जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन कक्ष होता, तालुक्याला तहसीलदार होते. तरी एका अख्ख्या गावाची खबर एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिली. माळीणनंतर आपण पुनर्वसनावर बोललो, डोंगरफोडीवर बोललो, ते योग्यच होते. पण खबरीचा प्रश्न तसाच राहून गेला.

आपल्याकडे संकटाचा इशारा वरून खाली येतो. हवामान खाते जिल्ह्याला सांगते, जिल्हा तालुक्याला, तालुका गावाला. अलीकडे हे काम पुष्कळ सुधारले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण गावात नेमके काय घडते आहे, नदी कुठवर आली, कोणता रस्ता तुटला, कुणाच्या घरावर झाड पडले, ही माहिती खालून वर जाण्याची भरवशाची वाट आपण बांधलेली नाही. ती वाट नागरिकांनाच बांधावी लागते. तिचे साधन जुने आहे, फार महागही नाही. त्याचे नाव हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ. किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांनी यात मागे राहू नये, असे मला वाटते. का, ते पुढे सांगते.

पाच दिवस आवाज नाही

माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत त्याहून जास्त. टाळेबंदीचे दिवस होते. आम्ही पुण्यात घरात बसून टीव्हीवर ढगांचा भोवरा फिरताना बघत होतो. दुपारी खालाचा फोन आला. “कौलं उडायला लागली ग, पोफळी एकामागून एक पडतायत,” एवढे ती बोलली आणि फोन कटला.

त्यानंतर पाच दिवस आवाज नाही. वीज गेली होती, टॉवर बंद पडले होते, रस्त्यावर झाडे आडवी होती. मुंबईत, पुण्यात, कुवेतमध्ये, दुबईत असलेले गावचे लोक एकमेकांना फोन करून एकच प्रश्न विचारत होते: तुला काही कळलं का? सहाव्या दिवशी गावातला एक मुलगा मोटारसायकल घेऊन, जिथे रस्ता नव्हता तिथे ती ढकलत, माणगावपर्यंत आला. तिथे नेटवर्क मिळाले. त्याच्याकडे कागदावर लिहिलेली यादी होती. कोण कसे आहे, कुणाचे छप्पर गेले, कुणाची औषधे संपली. ती यादी वाचून दाखवायला त्याला अर्धा तास लागला. एवढा अर्धा तास मिळायला सहा दिवस गेले.

त्या यादीत एक ओळ होती. शेजारच्या वाडीतल्या एका म्हातारीची इन्सुलिन संपली होती. ती वाचली, कारण दुसऱ्या एका घरात तेच औषध निघाले. ते निघाले नसते तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. इन्सुलिन तालुक्याच्या गावी होतीच. ती हवी आहे, हे तिथे कळवायला काही नव्हते.

इथे कुणाला दोष द्यायचा नाही. वादळाचा इशारा वेळेत मिळाला होता. किनाऱ्यावरून हजारो माणसे हलवली गेली, म्हणून तर एवढ्या मोठ्या वादळात जीव थोडे गेले. इशाऱ्याची अर्धी व्यवस्था काम करून गेली. दुसरी अर्धी अस्तित्वातच नव्हती.

रडारला न दिसणारे

ही दुसरी अर्धी व्यवस्था कशी असते, ते बघायचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथल्या मधल्या राज्यांत दर वर्षी टॉर्नेडो येतात. ११ एप्रिल १९६५ रोजी, पाम संडेच्या दिवशी, एकाच दिवसात अनेक टॉर्नेडो आले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. नंतर चौकशी झाली. इशारे दिले गेले होते. पण ते कित्येकांपर्यंत पोचले नव्हते आणि ज्यांच्यापर्यंत पोचले त्यांतल्या अनेकांना त्याचा अर्थ कळला नव्हता. त्यातून जी नवी व्यवस्था उभी राहिली तिचा एक भाग म्हणजे स्कायवॉर्न. सामान्य नागरिकांना आकाश वाचायला शिकवायचे आणि त्यांनी पाहिलेले हवामान कार्यालयाला कळवायचे, असे तिचे काम. आज तिथे साडेतीन ते चार लाख प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. प्रशिक्षण फुकट असते आणि साधारण दोन तासांचे. त्यांत शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, अग्निशमन दलाचे लोक आहेत. आणि पहिल्यापासून मोठा वाटा आहे हौशी रेडिओवाल्यांचा.

रडार असताना माणसाचे डोळे कशाला हवेत, असा प्रश्न कुणीही विचारेल. उत्तर सोपे आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण जवळपास सरळ जातो. रडारपासून जितके दूर जावे तितका तो जमिनीपासून वर जातो. दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर त्याची सर्वांत खालची तिरीपसुद्धा सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून जाते. ढगाच्या पोटात काय चालले आहे ते रडारला दिसते. ढगाखाली, जिथे घरे आहेत, तिथले दिसत नाही. मुंबईच्या कुलाब्यापासून रत्नागिरी सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. तिथे तो किरण चार-पाच किलोमीटर उंचीवर असतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. शहर एकच, दोन्ही ठिकाणे लोकलने तासाभराच्या अंतरावर. मिठी नदीकाठच्या कुर्ल्यात लोक पहिल्या मजल्यावर पाण्यात उभे होते आणि दक्षिण मुंबईतल्या माणसाला नेहमीचा पाऊस वाटत होता. दोन यंत्रांच्या मध्ये काय घडते ते तिथे असलेल्या माणसालाच माहीत असते. त्याने पाहिलेले योग्य जागी पोचले नाही तर त्या पाहण्याचा उपयोग त्याच्यापुरताच राहतो.

पाहणे आणि अफवा

“मग आमचे व्हॉट्सॲप ग्रुप हेच तर करतात,” असे कुणी म्हणेल. नाही. निसर्गच्या दिवशी आमच्या ग्रुपवर तीनशेहून अधिक संदेश आले. त्यांतले निम्मे जुने व्हिडिओ होते. एक तर कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावरचा होता आणि खाली “हरिहरेश्वर, आत्ता” असे लिहिलेले. ‘धरण फुटले’ हे दोन शब्द गेल्या काही वर्षांत किती गावांनी विनाकारण ऐकले असतील, त्याचा हिशेब नाही.

प्रशिक्षित निरीक्षक चार गोष्टी सांगतो. मी काय पाहिले, कुठे पाहिले, किती वाजता पाहिले, आणि ते मोजले की अंदाजाने सांगतो आहे. यापुढे तो जात नाही. “खूप वारा आहे” असे तो म्हणत नाही. झाडांच्या डहाळ्या तुटू लागल्या तर वाऱ्याचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात आहे, झाडे मुळासकट पडू लागली तर नव्वदच्या वर गेला आहे, एवढे त्याला ठाऊक असते. “पाणी वाढतंय” याऐवजी तो सांगतो की पुलाच्या खांबावरच्या लाल रेघेच्या वर हातभर पाणी आहे आणि अर्ध्या तासापूर्वी ते रेघेला टेकलेले होते. डोंगराखालच्या वाडीत राहणारा असेल तर त्याला माहीत असते की जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या दरड सरकण्याआधीच्या खुणा आहेत. यासाठी कुणाला पदवी लागत नाही. दोन तासांचा वर्ग आणि सरळ उभ्या बाजूंचे एक पर्जन्यमापक पुरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे सातवीच्या मुलीला एकदा दाखवले की ती रोज सकाळी साडेआठला आकडा लिहून ठेवते. आपल्या राज्यात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावरून होतो. म्हणजे तिच्या वहीचा शेतकऱ्याला दुसराही उपयोग होऊ शकेल.

एक धोक्याची सूचना इथेच द्यायला हवी. पाहणे म्हणजे वादळाच्या मागे धावणे नव्हे. ३१ मे २०१३ रोजी अमेरिकेतल्या एल रिनो इथे टॉर्नेडोने अचानक दिशा बदलली आणि टिम समरास हे नावाजलेले संशोधक, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी असे तिघे त्यात गेले. समरास यांचा अनुभव वीस वर्षांहून अधिक होता. आपल्याकडे पुराच्या पाण्यात सेल्फी काढायला उतरणाऱ्या मुलांना पहिला धडा हाच द्यावा लागेल: आपल्या घराच्या, मशिदीच्या, शाळेच्या सुरक्षित जागेवरून जेवढे दिसते तेवढेच सांगायचे. जीव धोक्यात घालून आणलेली खबर आपल्याला नको.

तार, बॅटरी आणि सराव

आता साधनाकडे येऊ. मोबाइल चालायला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल आणायला रस्ता लागतो. वादळ ही सगळी साखळी एका दुपारी तोडते. हौशी रेडिओला मधली साखळी नसते. एक संच, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि एक तार. सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे तर सुमारे वीस मीटर लांबीची तार दोन झाडांमध्ये बांधावी लागते. त्या तारेतून निघालेल्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येतात आणि सह्याद्री ओलांडून पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात ऐकू जातात. हातात मावणारा छोटा संच गावातल्या गावात, समोरासमोरच्या टेकड्यांमध्ये उपयोगी पडतो. डोंगरावर रिपीटर असेल तर तालुकाभर.

आपल्या देशात याची उदाहरणे कमी नाहीत. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळ आले तेव्हा दळणवळण पूर्ण तुटले होते आणि इतर राज्यांतून गेलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी तिथून निरोप पाठवले. २००१ च्या भूज भूकंपात तेच. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या गेल्या होत्या छंदासाठी. अंदमानातून जगभरच्या रेडिओवाल्यांशी बोलण्याची परवानगी फार वर्षांनी मिळाली होती. जमीन हादरली, लाटा आल्या, फोन गेले. त्यांनी छंद तिथेच थांबवला आणि तोच संच बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला लावला.

या उदाहरणात माझ्या मते एक महत्त्वाची गोष्ट आहे. संच आधीच लावलेला होता, तार आधीच बांधलेली होती, बोलणाऱ्यांना बोलायची सवय होती. म्हणूनच त्यांचा उपयोग झाला. वादळ आल्यावर कपाटातून काढलेला रेडिओ निरुपयोगी असतो. हौशी रेडिओवाले ठरलेल्या वेळी ‘नेट’ भरवतात. एकजण नियंत्रक असतो, बाकीचे त्याने पुकारले की बोलतात. थोडक्यात बोलणे, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणे, ऐकलेले पुन्हा वाचून खात्री करणे, वही ठेवणे. आपल्या सभा-संमेलनांची आठवण काढली तर यातला प्रत्येक धडा आपल्याला किती गरजेचा आहे ते लक्षात येईल.

आणि तयारीने काय होते, तेही ओडिशानेच दाखवले. १९९९ मध्ये सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढच्या वर्षांत तिथे निवारे बांधले, गावोगावी समित्या केल्या, दर पावसाळ्याआधी सराव केले. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलीन वादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. सरकारने केले हे खरेच. पण प्रत्येक गावात दार ठोठावणारी माणसे गावातलीच होती.

“आपल्या घरात वायरलेस?”

आता ज्या कारणासाठी हा लेख याच ठिकाणी लिहिते आहे त्याकडे येते.

निसर्गनंतर मी परीक्षेला बसायचे ठरवले. चाचांना सांगितले तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “आपल्या घरात वायरलेस? नको ग. उद्या कुणी दारात येऊन विचारलं तर काय सांगशील?”

चाचा भित्रे नाहीत. त्यांची उमर त्या किनाऱ्यावर गेली आहे. १९९३ च्या सुरुवातीला त्याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. गुन्हा मूठभर लोकांचा होता. पण त्यानंतर कित्येक वर्षे त्या पट्ट्यातल्या सामान्य मुसलमानाला आपल्या गावाचे नाव सांगताना क्षणभर थांबावे लागले. ज्या माणसाने ते पाहिले आहे त्याला घरातला अँटेना हा छंद वाटत नाही, पुरावा वाटतो. ही भीती खोटी आहे असे म्हणून ती जाणार नाही. तिला उत्तर द्यावे लागते.

माझे उत्तर असे. हौशी रेडिओइतके उघडे दुसरे कोणतेही दळणवळण नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. परवाना मिळतो, त्यावर तुमचे नाव, पत्ता आणि व्हीयू ने सुरू होणारे तुमचे बोलनाव असते. ते बोलनाव सांगितल्याशिवाय बोलता येत नाही. गुप्त संकेतभाषा वापरायला मनाई, व्यवसायाची बोलणी करायला मनाई, राजकीय वादाला मनाई. कुणाशी कधी बोललात याची नोंद ठेवावी लागते. आणि तुम्ही बोलता ते ज्याच्याकडे संच आहे तो कुणीही ऐकू शकतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलवरचे कुलूपबंद संदेश याच्या तुलनेत कितीतरी झाकलेले आहेत.

परवाना आल्यावर एका रविवारी मी चाचांना शेजारी बसवून नेट ऐकवले. पुण्याचा एक निवृत्त इंजिनिअर, कोल्हापूरचा एक दुकानदार, गोव्यातल्या एक बाई. कुणाकडे किती पाऊस झाला, कुणाची तार माकडांनी तोडली. चाचा पंधरा मिनिटे ऐकत होते. मग म्हणाले, “हे सगळ्यांना ऐकू जातं?” मी म्हटले, सगळ्यांना. “मग लपवण्यासारखं काय आहे यात?” एवढे बोलून ते वाडीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तार कोणत्या झाडाला बांधावी यावर त्यांनीच मला सल्ला दिला. माड नको, वादळात पहिला तोच जाईल. जुन्या चिंचेला बांध.

यातच एक ताकीद आहे. ऑनलाइन बाजारात स्वस्त वॉकीटॉकी मिळतात आणि आपली तरुण मुले हौसेने मागवतात. परवान्याशिवाय त्यांना हात लावू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या मुलासाठी त्याची किंमत इतरांहून जास्त असू शकते, हे कडू असले तरी खरे आहे. आधी परीक्षा, मग परवाना, मग संच. हा क्रम मोडायचा नाही.

भीतीपोटी अंग चोरून घेतले तर नुकसान दुहेरी होते. संकटात आपण मुके राहतो आणि आपल्याविषयीचा संशयही तसाच राहतो. चिपळूणच्या पुलावर पाणी चढताना पहिली अचूक खबर एखाद्या मोहल्ल्यातल्या मुलीच्या आवाजात जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोचली, तर त्या एका निरोपाने जे साधेल ते सलोख्यावरच्या दहा परिसंवादांनी साधणार नाही.

आपण काय करू शकतो

मदतीच्या बाबतीत आपला समाज मागे नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मशिदी-मदरशांची दारे पूरग्रस्तांसाठी उघडली गेली. निसर्गनंतर मुंबईतल्या गावोगावच्या जमातींनी पत्रे, ताडपत्र्या, धान्य पाठवले. पण ही सगळी घर पडल्यानंतरची मदत. घर पडण्याआधी आणि पडत असताना काय करायचे, यासाठी आपल्याकडे ना पैसा बाजूला काढलेला असतो ना माणूस. गावच्या जमातीने एका वर्षी पाठवलेल्या ताडपत्र्यांच्या खर्चातल्या छोट्या हिश्श्यात एक संच, एक बॅटरी, एक सौर पॅनेल आणि चार पर्जन्यमापके येतील.

पहिले काम माणसे निवडण्याचे. इथे मी आग्रहाने सांगेन की निम्म्याहून अधिक बायका आणि मुली असाव्यात. हा शोभेचा मुद्दा नाही. आमच्या गावांतले पुरुष मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असतात. ३ जूनच्या दुपारी घरात कोण होते? खाला होती, तिची सून होती, शेजारच्या दोन मुली होत्या. ज्या घरात असणार आहेत त्यांनाच बोलता आले पाहिजे. परीक्षेला बसायला वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली पुरतात. विज्ञानाची शिक्षिका मनावर घेईल तर एका शाळेतून वर्षाला पाच-सहा मुली सहज तयार होतील.

दुसरे, ही टीम मोहल्ल्याची नसावी, गावाची असावी. वादळ वाडी बघून येत नाही. कोळीवाड्याला समुद्र कळतो, कुणबीवाडीला डोंगर कळतो, बौद्धवाडीजवळच्या ओढ्याचे पाणी कधी चढते ते तिथल्या लोकांनाच ठाऊक. प्रत्येक वाडीचा एक निरीक्षक आणि गावात किमान दोन परवानाधारक. दोन अशासाठी की एक आजारी असेल किंवा लग्नाला गेला असेल तरी काम अडू नये. इशारा खाली आणण्यासाठी मशिदीचा ध्वनिक्षेपक आहेच. त्याला बॅटरीची जोड द्यावी आणि त्यावरून सगळ्या गावासाठी, सगळ्यांना कळेल अशा मराठीत सूचना द्यावी. देवळातली घंटा आणि पोलीस पाटलाची दवंडी यांच्या जोडीने.

तिसरे, हे सगळे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी जोडलेले असले पाहिजे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना शिकवण्याचे ठरले. त्यात भर आहे तो शोध, बचाव आणि प्रथमोपचार यांवर. निरीक्षण आणि रेडिओ हे दोन दिवस त्यात घालावेत, नियंत्रण कक्षात हौशी रेडिओसाठी एक टेबल आणि एक अँटेना कायमची असावी, परीक्षा तालुक्याच्या जवळ व्हाव्यात, या मागण्या आपण ग्रामसभेच्या ठरावातून करू शकतो. स्वयंसेवक असले म्हणून सरकारची जबाबदारी कमी होत नाही. उलट, कुठे काय घडले आणि किती वाजता कळवले याची वही गावाकडे असली की “आम्हाला माहीतच नव्हते” असे कुणाला म्हणता येणार नाही.

आणि शेवटचे म्हणजे सराव. मे महिन्यात, मुंबईकर गावी आलेले असताना, एक दिवस ठरवून सगळ्यांनी मोबाइल बंद करावेत आणि दोन तास गाव फक्त रेडिओवर चालवून बघावे. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, हसे होईल. दुसऱ्या वर्षी कमी होईल.

वही

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. खाली महाड पाण्यात होते, रस्ते बंद, फोन बंद. बचाव पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीणला सात वर्षे होत आली होती. रेडिओ असता तर तळीये वाचले असते, असे मी म्हणणार नाही. दरड कुणाची वाट बघत नाही. पण किती घरे गेली, किती माणसे आत आहेत, कोणत्या बाजूने वर येता येईल, एवढे कळवणारा एक आवाज त्या संध्याकाळी हवा होता.

खाला आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिला परीक्षा द्यायची नाही. पण अंगणात, झाडांपासून लांब, तिने पर्जन्यमापक रोवून घेतले आहे आणि रोज सकाळी आकडा लिहिते. मराठी आकडे, उर्दू तारखा, शाळेच्या जुन्या वहीत. तिची नात पुढच्या वर्षी बारा वर्षांची होईल. तिने बोलनावाची अक्षरे आत्तापासूनच पाठ केली आहेत.